तीन बशांतलं हसू

जेवणाच्या टेबलावर तीन बशा होत्या, बशांत पाणी होतं, आणि पाण्यात तीन कवळ्या दात विचकून बसल्या होत्या. त्या ज्यांच्या तोंडातून निघाल्या ती माणसं आपापल्या जागी बोळकी तोंडं घेऊन बसली असतील. इथे मात्र ज्यांचे दात जागच्या जागी होते त्यांचीच दातखीळ बसली होती.

या घरात हे नवलच. दातांवर तीन पिढ्या जगलेलं घर, इथली भांडणंसुद्धा तोंड भरून व्हायची! मशीन आणायचं ठरलं तेव्हा याच टेबलावर असं रण माजलं होतं की धाकटा ताटावरून उठून गेला, तो आज चौदा महिन्यांनी उगवला होता. आणि आल्या आल्या पहिलं वाक्य काय? "रविवारचं जेवायला बोलावलंस की पंचनाम्याला?"

थोरल्यानं बशा ओळीत सरकवल्या. तो चौपन्न वर्षांचा, कारखान्याचा सगळा कारभार बघणारा, आणि रागावला की आवाज चढवायच्या ऐवजी उतरवणारा माणूस होता. 'कारखाना' हे आपलं म्हणायला. तळमजल्यावर दोन खोल्या. एकीत थोरल्याचं मशीन, ते कवळीचा तळ आपोआप कोरून द्यायचं. दुसरीत खिडकीशी नानांचं बाकडं. त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण, मेण कापायच्या सुऱ्या आणि उघडमीट करणारा लोखंडी जबडा. मशीननं तळ द्यायचा आणि नानांनी त्यावर एकेक दात मेणात बसवायचा, अशी चौदा महिन्यांपूर्वीची तहाची कलमं होती. नाना एकोणऐंशीचे. गेली अठ्ठावन्न वर्षं, अगदी शिकाऊ होते तेव्हापासून, ते त्या बाकड्यावर बसून लोकांना पुन्हा चावायला, बोलायला आणि हसायला दात करून देत होते. आत्ता वरच्या मजल्यावर त्यांचा निवाडा चालला होता आणि खाली ते शीळ घालत चौथी कवळी लावत होते. शीळ जिन्यातून वर येत होती. अगदी सुरात.

टेबलाच्या टोकाला माई बसल्या होत्या. त्यांनी बशांकडे एकदाच पाहिलं होतं. मग मांडीवर हात ठेवून त्या आपल्या नखांकडे बघत बसल्या.

"ही कंडक्टरांची," थोरल्यानं पहिल्या बशीला बोट लावलं. "बसमध्ये चाळीस वर्षं ओरडून ज्यांचा जबडा हा एवढा रुंद झालाय, ते कंडक्टर. यात त्यांची जीभ मावत नाही. बायको म्हणते, 'हे हसले की दुसरंच कुणीतरी हसतंय असं वाटतं.' ही दुसरी बेकरीवाल्याची. आणि ही..." तिसऱ्या बशीपाशी त्याचा आवाज आणखी खाली गेला. "ही नर्सबाईंची."

"त्या कशा आहेत?" मधलीनं विचारलं.

"तुझी वहिनी सकाळपासून इस्पितळात बसलीय त्यांच्यापाशी. तीन आठवडे बाईंनी काही चावलेलंच नाही. हिरड्यांना जखमा, त्या चिघळल्या, मग ताप. चौऱ्याऐंशी वर्षांचं शरीर, किती टिकणार?"

"मग तीन आठवडे बोलल्या का नाहीत?"

"कारण काय, माहितेय? वहिनीला म्हणाल्या, 'नानांनी केलेत म्हणजे दात बरोबरच असणार गं, माझंच तोंड चुकत असेल.'"

नर्सबाईंनी या टेबलाभोवतीची तिन्ही पोरं जन्मतःच हातात घेतली होती. धाकट्याला तर उलटा धरून फटका मारून रडवला होता, आणि तेव्हापासून हा रडतोच आहे असं थोरला नेहमी म्हणायचा. आज म्हणाला नाही.

"तळ तपासलास?" धाकट्यानं विचारलं. "तुझं ते सोन्यासारखं मशीन चुकलं असेल."

"तळ तंतोतंत आहेत. दात चुकलेत. तिन्ही कवळ्यांत या सुळ्यापासून त्या सुळ्यापर्यंत अंतर एकच. केसाचाही फरक नाही. तीन माणसं, तीन जबडे आणि माप एकच! कुणाचं ते मला कळत नाही. सगळे जुने साचे धुंडाळले, एकाशीही जुळत नाही."

"आणि तिघांचाही हा दात बघा ना!" थोरल्याची सोळा वर्षांची मुलगी टेबलावर ओणवी झाली. हिचे पुढचे दोन दात असे भरघोस की दातवाल्यांच्याच घरात हिचं नाव 'फावडी' पडलं होतं, आणि ती ते मेडलसारखं मिरवायची. "डावीकडचा दुसरा. तिघांचाही शेजारच्याच्या अंगावर चढलाय. जसा काही फोटोत मागच्या रांगेतून डोकावतोय!"

"ते नाना मुद्दाम करतात," धाकटा म्हणाला. "एक दात वाकडा. त्यांची पद्धतच आहे."

ती पद्धत साऱ्यांना ठाऊक होती. गिऱ्हाईक आलं की नाना आधी जुना फोटो मागायचे. मूळच्या दातांत कुठे फट होती, कुठला तिरपा होता, ते भिंग लावून बघायचे आणि नव्या कवळीत तेवढा एक दात तसाच बसवायचे. म्हणायचे, "फुटपट्टी लावून दात कुणालाच येत नाहीत, मी का लावू? म्हातारपण आधी तोंडातून आत शिरतं. दारात ओळखीचं कुणीतरी उभं असलं म्हणजे ते जरा दबकून शिरतं."

"पद्धत मलाही माहितेय," थोरला म्हणाला. "पण ती ज्याची त्याची खोड असते. तिघांची एकच कशी? त्यांचा हात थरथरतोय. नाहीतर डोळे गेलेत. काहीही असो, बाकडं बंद करायचं. आज. म्हणून बोलावलंय."

माईंनी नखांवरची नजर काढली नाही. कुणाची खोड, ते त्यांना ठाऊक होतं. तो दात त्यांचा होता.

विसाव्या वर्षी, तुटलेली दाढ दाखवायला म्हणून त्या पहिल्यांदा त्या बाकड्यासमोर बसल्या. तेव्हा बाकडं सासऱ्यांचं होतं, आणि शिकाऊ मुलगा नुसता मापं घ्यायचा. त्यानं दाढेचं माप घ्यायचं सोडून सगळ्या तोंडाचं घेतलं. "लागतं," म्हणाला. खोटं! वर्षभरानं लग्न झालं तेव्हा तो साचा त्याच्या कपाटात रुमालात गुंडाळलेला सापडला. पुढे थोरला पोटात असताना माई जिन्यावरून पडल्या, डावीकडचे दोन दात गेले, आणि घर रंगवताना तो साचाही फुटला. तेव्हाच्या फोटोत कुणी दात दाखवून हसायचं नाही. म्हणजे ते हसू पोरांनी कधी पाहिलेलंच नव्हतं. जगात त्याचे साक्षीदार दोनच उरले होते, एक वर बसला होता आणि एक खाली शीळ घालत होता.

आणि आता ते तीन बशांत होतं. छप्पन्न वर्षांपूर्वीचं, ताजं, पाणी पीत बसलेलं.

"डोळेच," मधली म्हणाली. ती पंचवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात होती, त्यामुळे जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ तिला डोळ्यांत दिसायचं. "मोतीबिंदू असणार. मी दोन वर्षं ओरडतेय. एक ऑपरेशन, आठ दिवस विश्रांती, की परत बाकड्यावर. बंद कशाला करायचं?"

"म्हणजे तूही याच्याच बाजूची," थोरला म्हणाला.

"मी डोळ्यांच्या बाजूची आहे."

"बोलवा ना त्यांनाच!" धाकट्यानं टेबलावर हात आपटला, बशांतलं पाणी हललं, आणि तिन्ही कवळ्या होकार दिल्यासारख्या डुलल्या. "माणूस खाली जिवंत बसलाय आणि तुम्ही वर त्याची वाटणी करताय. फावडे, जा, आजोबांना घेऊन ये."

फावडी दोन दोन पायऱ्या गाळत गेलीसुद्धा. माईंनी पोरांकडे पाहिलं. थोरल्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला बशीएवढं टक्कल पडलं होतं. मधली वाचायचा चष्मा शोधत होती, तो तिच्या कपाळावर होता. धाकट्यानं केस काळे केले होते, पण भुवया विसरला होता. आपण म्हातारे झालो हे आरशानं इतकं कधी सांगितलं नव्हतं. आरशाशी माणूस तडजोड करतं. पोरांचं वय मात्र फसवत नाही, माईंच्या मनात आलं. ज्याचे दुधाचे दात आपण छपरावर फेकले, त्याची दाढ आता दुखतेय म्हणे!

नाना आले. अंगात एप्रन, बोटांना गुलाबी मेण. "अरे वा, सगळं सैन्य! कुणावर स्वारी?" मग त्यांची नजर धाकट्यावर गेली. "तू कधी आलास? आणि केस काळे कसे झाले रे? मी म्हातारा होतोय आणि तू तरुण. मध्ये कुठेतरी आपली गाठ पडेल."

धाकटा हसला आणि चटकन दुसरीकडे बघायला लागला.

"नाना, हे वाचा," मधलीनं पर्समधून वाचायचं कार्ड काढलं. दुकानात गिऱ्हाइकाला देतात ते, वर मोठी अक्षरं आणि खाली मुंगीएवढी.

"परीक्षा होय? घे." नानांनी सगळ्यात खालची ओळ वाचली. मग कार्ड जरा लांब धरून कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं. "यात एक काना राहिलाय. कळव त्यांना."

मधलीचं तोंड उघडंच राहिलं.

"आता हात!" फावडीनं चहाचा कप काठोकाठ भरून त्यांच्या पुढ्यात धरला. "टेबलाभोवती एक फेरी. सांडला तर तुम्ही आउट."

"फावडे, सर्कस नाहीये ही," थोरला ओरडला, म्हणजे कुजबुजला. पण नानांनी कप घेतला होता. ते टेबलाभोवती चालले, थोरल्यामागून, मधलीमागून, माईंच्या मागून. माईंच्या खांद्याशी क्षणभर थांबले, पुन्हा चालले. एक थेंब सांडला नाही. परत जागेवर येऊन त्यांनी चहा पिऊन टाकला. "साखर कमी आहे. बाकी?"

"बाकी हे," थोरल्यानं बशी पुढे सरकवली.

नानांनी कवळी पाण्यातून काढली, उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय सुरेख झालीय! कुणाची रे?"

"कंडक्टरांची."

"छान दिसत असेल त्याला." ती ठेवून त्यांनी दुसरी उचलली. "आणि ही?"

"बेकरीवाल्याची."

"छान." तिसरी उचलली. "ही?"

"नर्सबाईंची, नाना. त्या इस्पितळात आहेत."

"अरेरे! काय झालं तिला?" नानांना खरंच वाईट वाटलं. कवळी हातात तशीच होती. "भेटून येऊ. दात छान झालेत पण. बरी झाली की शोभतील." त्यांनी ती बशीत सोडली आणि हात पुसले. "चला, माझं मेण थंड होतंय."

जिन्यावरून पावलं उतरली. थोड्या वेळानं शीळ सुरू झाली. तीच धून, पुन्हा पहिल्यापासून.

आणि वर टेबलाची बाजू फिरली.

"नजर शाबूत, हात शाबूत," धाकट्यानं दोन बोटं मिटली. "विनोद तर तुझ्यापेक्षा बरे करतात. आता काय कारण सांगणार आहेस, दादा? सरळ सांग ना, ती खोली तुला दुसऱ्या मशीनला हवीय."

"दादा, माझं चुकलं," मधली म्हणाली. "डोळे नाहीत. पण मग काहीच नाही. तीन कवळ्या बिघडल्या, अठ्ठावन्न वर्षांत तीन! नवीन करून देऊ. आजोबा, नानांचे वडील, बाकड्यावरून उठले आणि आठ महिन्यांत गेले, आठवतंय ना? हेही तसेच जातील."

"मला आठवत नसेल?" थोरला म्हणाला. "मीच उठवलं होतं त्यांना, नानांच्या सांगण्यावरून." तो एकदम थकलेला दिसला. दोघं विरुद्ध एक. त्याच्याकडे मापं होती, पण मापांचा अर्थ नव्हता. "ठीक आहे. राहू दे बाकडं. उद्या शिंपीणबाई मापाला येतेय, तिचं काम त्यांनाच देतो. माई, तुला पटतंय?"

माईंनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. दोन ओठ, एक अक्षर.

त्या म्हणणारही होत्या. तेवढ्यात फोन वाजला. थोरल्यानं घेतला, "हो... हो गं... कधी?" म्हणाला आणि खाली ठेवला. "नर्सबाईंच्या नाकातून नळी घातलीय. शुद्धीवर आहेत. पण डॉक्टर म्हणतात, फार आशा धरू नका."

"तो दात माझा आहे," माई म्हणाल्या.

"काय?"

"तिन्ही बशांतलं तोंड माझं आहे. माप माझं, दातही माझा. तुम्ही कुणी जन्मलाही नव्हता तेव्हाचा." मग त्यांनी सगळं सांगितलं. शिकाऊ मुलगा, दाढ, रुमालातला साचा, जिना. सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता, जशी काही वाण्याला यादी देत होत्या. "हात त्यांचा चालतो, डोळे चालतात. पण समोर कुणीही बसलं तरी हात एकाच तोंडाकडे जातो. बाकीची तोंडं पुसली गेलीत."

मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माई, किती गोड आहे हे! हा काय आजार झाला? हे प्रेम आहे."

"नर्सबाईच्या घशाखाली तीन आठवडे घास उतरला नाही. तिला काय करायचंय माझ्या नवऱ्याचं प्रेम?"

मधलीनं डोळे पुसले.

"आणि ऐका, अजून संपलं नाही. मला महिन्यापूर्वी कळलं होतं. भाजी घेताना कंडक्टर समोरून आले. हसले. रस्त्याच्या मधोमध, त्या मिशीखाली, मी हसले!" माईंनी तोंडावर हात ठेवला, मग काढला. "काय वाटलं सांगू? आनंद झाला. या वयात आपल्याला कोण बघतं? दुकानदार बघत नाही, डॉक्टरसुद्धा आधी तुमच्याकडे बघतो, 'यांना काय होतंय?' म्हणून तुम्हाला विचारतो. आणि इथे एक माणूस माझं तोंड जपून बसलाय! मी घरी आले आणि गप्प बसले. त्यानंतर दोन दिवसांनी नर्सबाईचं काम आलं. मी तेव्हा बोलले असते तर..."

वाक्य तिथेच राहिलं.

"माई, तुझा काहीतरी गैरसमज होतोय," धाकटा हळू बोलला. भांडायचं बळ गेलं की तो सहा वर्षांचा वाटायचा. "त्यांना आवडतो म्हणून मुद्दाम बसवत असतील तो दात. तुझी आठवण म्हणून. आठवतंय म्हणूनच बसवतात ना?"

माईंनीही गेला महिनाभर स्वतःला हेच सांगितलं होतं. मुद्दाम करत असतील तर तो वेडेपणा, चुकीचा, पण त्यांचाच. मग त्यांना रागावता येईल, समजावता येईल. त्यांच्या हातून बाकडं जाणार नाही. आणि... पुढचं त्यांनी मनातही पुरतं म्हटलं नव्हतं. आणि मग आपण त्यांच्यासाठी नुसत्या तेव्हाच्या आठवणीत नाही, आजही आहोत.

"मग बघू या," त्या उठल्या. "मी बसते त्यांच्या खुर्चीत. हेच तोंड आहे ना ते? माझ्यापेक्षा खरा साचा कुठला आणणार? त्यांनी ओळखलं तर बाकडं त्यांचं, मी शब्द काढणार नाही. नाही ओळखलं तर थोरला म्हणेल ते."

"काहीतरीच! तुला रोज बघतात ते. ओळखणार नाहीत?" मधली म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं," माई म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या.

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. याच जिन्यानं दोन दात घेतले होते. आता तो गुडघे मागत होता.

खिडकीतून ऊन बाकड्यावर पडलं होतं. नाना मेणात दात बसवत होते. माईंनी चौथ्या कवळीकडे बघायचं टाळलं, पण दिसायचं ते दिसलंच. डावीकडचा दुसरा.

"अहो," त्या म्हणाल्या.

"आलीस? बस. हे एवढं संपवतो, मग जेवू." नानांनी वर बघून हसून म्हटलं, आणि माईंच्या मागे दारात उभ्या चौघांपैकी एकानं सुटकेचा श्वास सोडला. धाकटाच असणार.

"जेवण नंतर. मला नवीन दात करून द्या. हे झिजले."

माई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आपली कवळी काढून बाकड्यावरच्या वाटीत ठेवली. ही कवळी वीस वर्षांपूर्वीची, मधलीच्या लग्नाच्या आधी केलेली. तेव्हा नानांनी विचारलं होतं, "तो वाकडा तसाच ठेवू ना?" आणि माई म्हणाल्या होत्या, "नको बाई, चारचौघांत जायचंय. सरळ बसवा." नानांनी काही न बोलता सगळे सरळ बसवले होते. एवढ्या माणसांच्या तोंडात खोडी बसवणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोला तेवढे फुटपट्टीचे दात दिले होते, कारण तिनं मागितले होते.

कवळी निघाली तसे गाल आत गेले, ओठ मिटून आत वळले. पोरांनी आईला असं कधी पाहिलं नव्हतं. माई दार लावून दात धुवायच्या. फावडीनं नकळत आपल्या दातांवरून जीभ फिरवली.

नानांनी दिवा लहान केला, हात धुतले, रबरी वाटीत पावडर आणि पाणी घालून घोटायला लागले. घोटताना ते खुर्चीकडे वळले. त्यांनी माईंच्या हनुवटीला दोन बोटं लावली, चेहरा उजेडाकडे फिरवला आणि नीट बघितलं. कपाळापासून खाली, गालांपर्यंत, त्या आत गेलेल्या ओठांपर्यंत. बोटं तीच होती, उबदार, मेणाच्या वासाची. माईंनी श्वास धरून ठेवला.

"किती दिवस झाले दात जाऊन?" नानांनी विचारलं.

"बरेच."

"हो, हाड बरंच झिजलंय. काळजी करू नका, करू आपण." त्यांचा आवाज मऊ होता, अदबीचा, गिऱ्हाइकांसाठीचा. "एखादा जुना फोटो आणलाय का, बाई?"

दारात मधलीनं हुंदका तोंडात दाबला. थोरल्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले. जिंकल्यावरही माणसाचं तोंड असं होतं, हे त्यालाही पहिल्यांदाच कळत असावं. धाकटा "नाना..." म्हणून पुढे झाला तेव्हा थोरल्यानंच त्याचा हात धरला, आणि धाकट्यानं तो झिडकारला नाही.

"नाही," माई म्हणाल्या. दातांशिवाय शब्द ओले, बोबडे येत होते. "आमच्या वेळी फोटोत हसायची पद्धत नव्हती."

"खरंय," नाना हसले. "मग तुम्हीच सांगा. कसे होते? एखादी खोड असेल ना? मी एक दात मुद्दाम वाकडा ठेवतो. म्हणजे घरच्यांना तुम्ही सापडता."

माईंनी बोट उचललं. डावीकडे, ओठावर, जिथे आता काही नव्हतं, तिथे टेकवलं. "इथला. शेजारच्यावर चढलेला होता."

"अरे वा!" नानांचा चेहरा वरच्या टेबलाशी उजळला होता तसाच उजळला. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि गुपित सांगावं तसे जरा पुढे वाकले. "आमच्या हिचा अगदी असाच आहे. मग काही अडचणच नाही, तो मला पाठ आहे."

थोरल्यानं दारामागच्या खिळ्यावरून शिंपीणबाईच्या उद्याच्या कामाची चिठ्ठी काढली, आवाज न करता घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आ करा," नाना म्हणाले.

माईंनी आ केला.